टायची गाठ

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाची घुंगरमाळही माणसे पारखून घेतात. मग लग्नाचा टाय घाईने का उचलावा? सतराव्या शतकात क्रोएशियन सैनिकांच्या गळपट्ट्यावरून फ्रान्समध्ये रूढ झालेल्या या वस्त्राचेही काही संकेत आहेत. नक्षीदार शर्टावर एकरंगी टाय खुलतो; त्याचे टोक कमरपट्ट्याच्या बकलापाशी थांबावे. विवाहाला उजळ रेशीम, अंत्यविधीला काळा. आम्हां भावंडांत काळा टाय एकच होता. वडिलांच्या अंत्ययात्रेत तो थोरल्याने बांधला. आम्ही बाकीचे मोकळ्या गळ्याने चाललो. त्यामुळे आमचे दुःख उणे झाले नाही. तरीही वस्त्र क्षुल्लक नव्हे. जातीने पेहरावही नेमून दिलेल्या समाजात डॉ. आंबेडकरांचा सूट-टाय स्वाभिमानाची खूण ठरला. टाय उसना चालेल. ताठ मान मात्र स्वतःचीच हवी.