वाफेचे माहेर

गिरणीचा भोंगा आपल्या साहित्यात पुष्कळ वाजला आहे. कथेत वाजला, कवितेत वाजला, नाटकाच्या पडद्यामागेही वाजला. पण भोंगा म्हणजे शेवटी काय? बॉयलरमधली मूठभर वाफ एका नळीतून बाहेर सोडली की तो वाजतो. उरलेली सारी वाफ कुठे जात होती, ती कोणते इंजिन फिरवीत होती आणि ते इंजिन कोणी घडवले होते, हा प्रश्न भोंगा ऐकणाऱ्याला सहसा पडत नाही.

कुणी म्हणेल, डोळखांबच्या माणसाला या प्रश्नाशी काय करायचे? आजोबा डोंगराच्या पायथ्याशी भात लावणारी आपली माणसे. गिरणी आपल्याकडे एकच, ती भाताची! पण जरा नकाशा उघडून पाहा. आगगाडी 1860 साली आसनगावला आली, 1861 साली कसाऱ्याला आणि 1865 साली थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचली. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊ लागला तो आपल्या तालुक्याच्या छातीवरून. पुढे 1892 साली तानसाचे धरण पुरे झाले आणि आपल्या डोंगरांचे पाणी गिरण्यांच्या शहराला जाऊ लागले. कापूस, पाणी आणि मनुष्यबळ या तिन्ही वाटा आपल्या अंगणातून गेल्या आहेत. तेव्हा चौथी गोष्ट, म्हणजे इंजिन, कुठून आले हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहेच.

ते आले साता समुद्रांपलीकडून. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली पाच लाख रुपयांच्या भांडवलावर 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' काढली आणि 1856 साली ताडदेवला तिचे सूत निघू लागले. हे धाडस वीस वर्षे आधी कुणी केले असते तर त्याचा निभाव लागला नसता, कारण कापडगिरणीची यंत्रे देशाबाहेर पाठवण्यास इंग्लंडात कायद्याने बंदी होती. ती 1843 साली उठली. त्यानंतर लँकेशायरचे यंत्रकार जगभर गिऱ्हाइके शोधू लागले आणि मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पैशाला तिथे मान मिळाला.

या यंत्रकारांपैकी एका घराण्याची हकीकत नमुन्यादाखल सांगण्याजोगी आहे. लँकेशायरमध्ये बोल्टन नावाचे गाव आहे. तेथे बेंजामिन हिक या कारागिराने 1833 साली 'सोहो' नावाचा लोखंडी कारखाना उघडला. नाव उसने घेतलेले. जेम्स वॉटच्या भागीदाराचा बर्मिंगहॅमचा प्रसिद्ध कारखाना सोहोचाच. हिक 1842 साली वारला, पण मुलाने आणि जावयाकडच्या मंडळींनी कारखाना वाढवला आणि तो पुढे 'हिक हारग्रीव्हज' या नावाने ओळखला गेला. गिरण्यांची इंजिने ही त्याची खासियत.

गिरणीचे इंजिन म्हणजे आगगाडीचे इंजिन नव्हे. आगगाडीला ओढ हवी, गिरणीला चाल हवी. आणि तीही एकसारखी. हजारो चात्या एकदम फिरत असताना वेग जरा कमीजास्त झाला की धागा तुटतो, आणि बारीक सूत तर आधी तुटते. त्यामुळे ज्याचे इंजिन शांतपणे एकाच लयीत चाले, त्याचा कारखाना चाले. अमेरिकेतील जॉर्ज कॉर्लिस याने 1849 साली जे पेटंट घेतले, त्याचे मर्म हेच. वाफ आत येण्याच्या झडपा निराळ्या आणि बाहेर जाण्याच्या निराळ्या. आत येणारी वाफ केव्हा तोडायची हे माणसाने नव्हे, तर इंजिनाच्या नियंत्रकाने ठरवायचे. साचेखात्यात भार वाढला की वाफ थोडी अधिक वेळ येई, भार घटला की लवकर तुटे. कोळसाही वाचे, धागाही वाचे. बोल्टनच्या कारखान्याने ही पद्धत 1860 नंतरच्या दशकात उचलली आणि तिच्यावर नाव कमावले.

इंजिनाचे बळ मजल्यामजल्यावर पोहोचे ते दोरखंडांनी. प्रचंड गतिचक्राच्या कडेला खाचा पाडलेल्या असत. त्या खाचांतून मनगटाएवढे दोर वर जात आणि प्रत्येक मजल्यावरचा दांडा फिरवीत. हे दोर बहुधा सुताचेच वळलेले असत! म्हणजे कापसाने कापूस कातायचा, अशी ती मौज होती. तिकडे इंजिनांना बायकांची नावे ठेवण्याची रीत होती. विगनच्या ट्रेंचरफील्ड गिरणीतले 1907 सालचे अडीच हजार अश्वशक्तीचे इंजिन दोन अंगांचे आहे. त्यांची नावे रीना आणि हेलन. आपल्याकडे नाव ठेवीत नसत, पण दसऱ्याला झेंडूचा हार मात्र घालीत. लोखंडावर जीव जडतो तो सगळीकडे सारखाच.

हे मला पुस्तकांतून कळले. पण त्या आधी थोडे घरातून कळले होते. माझे आजोबा मुंबईच्या एका गिरणीत बॉयलरखात्यावर आगवाले होते. त्यांच्या काळी साचे विजेवर चालत. वाफ लागे ती खळ शिजवायला आणि कापड धुवायला-रंगवायला. जुन्या इंजिनाचे घर रिकामे पडले होते आणि दोरांच्या उंच घळीत कबुतरे राहत. बॉयलरच्या तोंडावर मात्र पितळी पाटी होती. आजोबा ती रोज चिंध्यांनी पुशीत. त्यांना ती वाचता येत नसे. "त्याच्यावर काय लिवलंय ते साहेबाला ठावं. आग कवा भुकेली हाय ते मला ठावं," असे ते म्हणत. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर आजोबाही बाहेर पडले, आणि पुन्हा त्या पाटीसमोर कधी उभे राहिले नाहीत. गावी येऊन त्यांनी भाताची शेती केली. चुलीतला जाळ पाहून लाकूड ओले की सुके, हे ते दारातून सांगत. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या विद्येला गावात एवढेच काम उरले होते.

पाटी वाचणारा एक आणि ती पुसणारा दुसरा, ही वाटणी आजोबांना खटकत नसे. मला ती खटकते. म्हणूनच या इतिहासाकडे मी वळलो.

त्यात एक विनोद आहे, पण कडू. लँकेशायरच्या यंत्रकारांनी मुंबईला इंजिने आणि साचे विकले. त्याच लँकेशायरच्या गिरणीमालकांनी मुंबईच्या कापडाला आडकाठी घालण्याचा खटाटोप केला. परदेशी कापडावर 1896 साली साडेतीन टक्के जकात ठेवताना तेवढाच कर हिंदी गिरण्यांच्या कापडावरही बसवण्यात आला आणि तो 1925 पर्यंत टिकला. म्हणजे एकाच गावातला एक हात आपल्याला यंत्र देत होता आणि दुसरा त्या यंत्राचा घास काढीत होता. यंत्र विकत मिळाले. यंत्र घडवण्याची विद्या मात्र गाठोड्यात बांधून आली नाही. आगगाडीचे इंजिन 1895 साली अजमेरच्या कारखान्यात तयार झाले खरे, पण गिरण्यांची मोठी इंजिने बाहेरूनच येत राहिली.

मग इंजिनाचीच सद्दी संपली. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून 1915 साली मुंबईला वीज मिळू लागली. दूरच्या खाणींतून कोळसा आणण्यापेक्षा सह्याद्रीवरून कोसळणारे पाणी परवडले. पण त्या पाण्यालाही किंमत होती, ती मुळशीच्या शेतकऱ्यांना विचारा. त्यांचा आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह 1921 ते 1924 चालला, आणि शेवटी जमीन पाण्याखाली गेली. ही गोष्ट आपल्या तालुक्याला नवी नाही. भातसा आणि तानसा उशाला असून उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. शहराचे चाक वाफेने फिरो की विजेने, त्याचे पाणी डोंगरातूनच जाते.

तरीही हा इतिहास केवळ रडगाणे नाही. मुंबईत 1887 साली गिरणीमालकांच्या मदतीने व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले. गिरण्यांना जाणते लोक मिळावेत हा हेतू. तेथे लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचा एक तरुण शिक्षक होता. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा तो बेळगावला निघून गेला आणि तेथे त्याने लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन नासते असे म्हणून शेतकरी तो घेईनात! तरी त्याने हात आखडला नाही. औंधच्या संस्थानात 1910 साली किर्लोस्करवाडी वसली, आणि पुण्यात 1946 साली तेलाची इंजिने बनवणारी त्याच घराण्याची कंपनी निघाली. बोल्टनच्या सोहोत जे हिकने केले, ते कुंडलच्या माळावर आपल्या माणसाने केले. फक्त सुमारे पाऊणशे वर्षांच्या अंतराने, आणि वाफेचा जमाना सरताना.

आता दोन्हीकडे सामसूम आहे. सोहोचा कारखाना 2002 साली बंद पडला आणि त्या जागेवर मोठे दुकान उभे राहिले. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारातही दुकानेच आहेत. ज्यांतल्या एकाने दुसऱ्याला यंत्रे विकली आणि त्याच्याच कापडाला आडकाठी घातली, त्या दोन गावांचे दैव शेवटी एकाच काचेच्या दारात येऊन थांबले.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. इंजिन हा आपला विषय नव्हे, असे आपण सहज म्हणतो. पण ज्याला यंत्र कुठून आले हे माहीत नाही, त्याला आपण कुठे उभे आहोत हेही नीट कळत नाही. गावच्या भातगिरणीत विजेची मोटर बसण्यापूर्वी तेलाचे इंजिन होते. ते बंद होऊन कोपऱ्यात पडल्यावरही आजोबा येताजाता त्याची पाटी धोतराच्या सोग्याने पुशीत. तिच्यावरचे नाव मी त्यांना एकदा वाचून दाखवले. "म्हंजे आपल्यातलाच की रं!" ते म्हणाले, आणि पाटीवरून पुन्हा एकदा हात फिरवला.