मिरजेहून किर्लोस्करवाडी : जुन्या मुखपृष्ठांची वाट

मिरजेला आलेला पाहुणा सहसा दोन ठिकाणे पाहतो. एक, हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा. याच आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला, पण उर्सात आजही गायक इथे हजेरी लावतात. दुसरे, सतारमेकर गल्ली, जिथे भोपळ्याची सतार घडते.

मिरजेजवळच तिसरी एक वाट आहे, कागदाची. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की सांगली, नांद्रे, भिलवडी मागे पडतात आणि किर्लोस्करवाडी येते. लोखंडी नांगर बनवणाऱ्या या गावातून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. 'खबर' हा आपल्या बोलण्यातला अरबी शब्द. पुढे तो गळाला आणि 'किर्लोस्कर' एवढेच नाव राहिले. १९३० मध्ये 'स्त्री' आले, १९३४ मध्ये 'मनोहर'. शंकरराव स्वतः चित्रकार होते, त्यामुळे मुखपृष्ठ म्हणजे नुसते वेष्टन नव्हते.

त्याआधी मुंबईत हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये 'वीसमी सदी' हे गुजराती सचित्र मासिक काढले. धुरंधरांसारख्या चित्रकारांकडून चित्रे करून घेतली, पदरचा पैसा ओतला. १९२१ मध्ये ते गेले. छापील चित्र सामान्यांच्या घरी पोहोचवण्यात आपल्या माणसाचाही असा हात आहे, हे मुलांना सांगायला हवे.

अंकाचे मुखपृष्ठ सर्वांत आधी फाटते आणि उरलेला अंक रद्दीत जातो. त्याबरोबर त्या काळाचा पेहराव, अक्षरांची वळणे, जाहिराती, सारेच जाते. म्हणून दादी-नानीची जुनी पेटी आवरताना घाई करू नका. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका. तिचा डाग कायमचा राहतो. अंक ओल आणि उन्हापासून दूर, आडवे ठेवा. भिंतीवर लावायचेच असेल तर रंगीत प्रत काढून ती लावा, मूळ कागद फाइलमध्ये जपा.

माणसांची चित्रे भिंतीवर न लावण्याचा रिवाज आपल्यापैकी अनेक घरांत आहे. तिथे निसर्गदृश्यांची, इमारतींची, सुंदर अक्षरांची मुखपृष्ठे लावता येतील. बाकीची फाइलीत राहू द्या आणि ईदला पाहुणे जमले की काढून दाखवा. पान उलटता उलटता घरातले बुजुर्ग आपोआप बोलू लागतात. ते बोलणेही लिहून ठेवा.