मिनिआपोलिसचा रंगारी

दसरा झाला की आपल्याकडे रंगाऱ्याची शोधाशोध सुरू होते. पाऊस सरलेला असतो, भिंतींनी चार महिने प्यालेली ओल ऑक्टोबरच्या उन्हाने बाहेर पडू लागलेली असते, आणि नरकचतुर्दशीच्या आत घर उजळून निघावे असे घरच्या बाईला वाटत असते. रंगारी "उद्या नक्की" म्हणून जातो आणि धनत्रयोदशीला शिडी घेऊन उगवतो. हा व्यवहार मला चांगलाच परिचयाचा. त्यामुळे २०२२ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता मुलीकडे मिनिआपोलिसला गेलो आणि तिच्या घराची उत्तरेकडची भिंत पाहिली, तेव्हा मी जावईबापूंना मोठ्या अधिकाराने सांगून टाकले, "दिवाळीच्या आत हे रंगवून घेऊ. ते काम माझ्याकडे."

भिंत म्हणजे आपली विटांची भिंत नव्हे. आडव्या फळ्या एकीवर एक चढवून केलेले लाकडी अंग. मिनिआपोलिसच्या दक्षिण भागात अशा घरांच्या ओळीच्या ओळी आहेत. मुलीचे घर १९२० नंतरच्या दहा वर्षांतले. पुढे ओसरी, वर उतरते छप्पर, त्याखाली माळा, जमिनीखाली तळघर आणि तळघरात घर तापवणारी भट्टी. घरापासून चालत गेले की मिनीहाहा धबधबा लागतो. लाँगफेलो कवीने 'हायवाथा' या काव्यात त्याचे नाव अजरामर केले, पण स्वतः तो कधी तिथे गेला नाही म्हणतात. थंडीत हा सुमारे त्रेपन्न फुटांचा धबधबा जागच्या जागी गोठतो आणि काचेच्या झुंबरासारखा लटकत राहतो.

तर ती भिंत. तिच्यावरचा रंग तळहाताएवढ्या पोपड्यांनी सुटला होता. तीनच वर्षांपूर्वी रंगवली होती, असे मुलगी म्हणाली. स्वस्तात मिळाला म्हणून एक रंगारी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बोलावला. त्याने दोन दिवसांत घर लखलखीत केले आणि तो गेला. मे महिन्यात बर्फ वितळल्यावर पाहतात तो रंग सापाच्या कातीसारखा उतरलेला. मग त्याला फोन केले, पण ते कोणी उचलले नाहीत.

मिनिआपोलिसच्या हवेची थोडी कल्पना द्यायला हवी. १८८८ च्या जानेवारीत तिथला पारा शून्याखाली ४१ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता आणि १९३६ च्या जुलैत तोच १०८ पर्यंत चढला. आपल्या मोजमापात सुमारे उणे ४१ आणि अधिक ४२. लाकडाची तीच फळी हे दोन्ही सोसते. फुगते, आकसते, पुन्हा फुगते, आणि तिच्या अंगावरच्या रंगाने तिच्याबरोबर फुगावे-आकसावे अशी अपेक्षा असते. बाहेरचे रंगकाम होते ते मे ते सप्टेंबर, फार तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. म्हणजे आपला रंगारी ज्या सुमारास शिडी खांद्यावर घेतो, त्याच सुमारास तिथला ती खाली ठेवतो. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. हे गणित माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

मी तीन रंगारी बोलावले. तिघांचे भाव घ्यावेत ही तिथली रीत, आणि ती पुण्याच्या माणसाला शिकवावी लागत नाही.

पहिला गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून घर वरपासून खालपर्यंत पाहिले, एका कार्डाच्या पाठीवर आकडा लिहिला आणि गेला. दुसरा मात्र फार गोड माणूस. मला "सर" म्हणाला, सौ.ने दिलेली चकली मागून घेऊन दुसरी खाल्ली, आणि म्हणाला, "सोमवारी जोराच्या पाण्याने भिंत धुतो, मंगळवारी यंत्राने रंग फवारतो, बुधवारी तुमचा सण." अर्धे पैसे आधी हवे होते एवढेच. मी चेकबुक आणायला मुलीला हाकही मारली होती. ती कामावर होती म्हणून राहिले.

तिसरा दुसऱ्या दिवशी आला. साठीच्या आसपासचा, उंच, उन्हाने रापलेला. त्या भागात नॉर्वे-स्वीडनकडून आलेल्यांची वस्ती पूर्वापार आहे आणि ही माणसे शब्द मोजून वापरतात असे म्हणतात. याने तर पहिली वीस मिनिटे एकही वापरला नाही. खिशातून चाकू काढून फळीच्या कडेत टोचला. एक लहानसे यंत्र काढून त्याच्या दोन सुया लाकडात खुपसल्या आणि आकडा पाहिला. मग थर्मामीटर भिंतीवर धरला. हवेवर नव्हे, भिंतीवर. दुपारी दोन वाजता उन्हाच्या बाजूची भिंत गरम होती आणि उत्तरेची गार. मग त्याने पहिला प्रश्न विचारला, "घर कोणत्या साली बांधले?" दुसरा, "घरात लहान मूल आहे का?"

मूल खिडकीतच होते. आमची नात तेव्हा चौदा महिन्यांची. खिडकीच्या फळीला दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि फळीची कड चावत होती. आम्हाला त्याचे केवढे कौतुक! दात येताहेत म्हणून आम्ही तिचे फोटो काढत होतो.

त्याने त्या खिडकीकडे थोडा वेळ पाहिले. मग मुलीला विचारले, "हिच्या रक्तातले शिसे तपासले आहे का?"

अमेरिकेत घरगुती रंगात शिसे घालायला १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांत, विशेषतः विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्यांत, नव्या रंगांच्या थरांखाली शिशाचा पांढरा रंग असण्याचा संभव मोठा. तो चवीला गोडसर असतो, आणि मुले गोडाला ओळखतात. भिंतीपेक्षाही धोका खिडक्यांचा. खालून वर सरकवायच्या जुन्या खिडक्या दर वेळी चौकटीवर घासतात आणि रंगाची बारीक धूळ फळीवर पडते. तीच धूळ हाताला आणि हातावाटे तोंडात. मेंदू घडत असतो त्या वयात हे शिसे शरीरात गेलेले वाईट. म्हणून २०१० पासून तिथे असा नियम आहे की १९७८ पूर्वीच्या घरातला रंग खरवडायचा तर मजुरी घेणाऱ्याकडे त्या कामाचे प्रमाणपत्र हवे, आणि घरमालकाला माहितीपुस्तिका द्यायला हवी. याने ती पुस्तिका ओसरीवरच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या गोड गृहस्थाने त्याचे नावही काढले नव्हते. त्याचा सोमवारचा पाण्याचा फवारा ते सगळे पोपडे अंगणात, नातीच्या वाळूच्या खड्ड्यापर्यंत उडवणार होता, आणि त्याचे अर्धे पैसे मी आधी देणार होतो.

मग मी मेस्त्रींना (मी मनातल्या मनात त्यांना मेस्त्री म्हणू लागलो होतो) भाव विचारला. ते म्हणाले, "ही भिंत मी या वर्षी रंगवणार नाही."

मी थोडा चिडलोच. थोडे जास्त देऊ म्हणालो. कमी थंडीत चालणारे रंग निघाले आहेत असे मी वाचले होते, तेही ऐकवले. त्यांनी शांतपणे समजावले. पाण्यात कालवलेल्या रंगात चिकट द्रव्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना भिडतात आणि वितळल्यासारखे एकजीव होऊन पापुद्रा धरतात. गारठ्यात हे कण कडक राहतात. भिडतात पण जुळत नाहीत. रंग वाळलेला दिसतो आणि तो रंग नसतोच, नुसती भुकटी असते. पूर्वी ५० फॅरनहाइटच्या खाली ब्रश उचलू नये असे डब्यावर छापलेले असे. आता काही डबे ३५ पर्यंत परवानगी देतात. "पण डबा दुपारचे सांगतो," मेस्त्री म्हणाले, "रात्र कोण मोजतो?" संध्याकाळी दहिवर पडते ते ओल्या रंगावर बसते. म्हणून शरद ऋतूत ते सूर्याच्या मागे मागे घराभोवती फिरतात आणि तीन वाजता ब्रश धुऊन टाकतात.

आणि या भिंतीत तर गारठा हा दुय्यम आरोपी होता. खरा चोर घरात होता. त्यांनी आम्हाला माळ्यावर नेले. स्नानघरातली वाफ बाहेर काढणारा पंखा होता, पण त्याची नळी बाहेर न जाता माळ्यावरच सोडलेली. शिवाय माळ्यावरचे उबेचे अस्तर जागोजाग विरलेले. हिवाळ्यात घरातली ऊब छपराला लागते, वरचा बर्फ खालून वितळतो, पाणी ओघळत वळचणीला येते आणि तिथल्या गारठ्यात पुन्हा गोठते. वळचणीला बर्फाचा बांध पडतो. मागून येणारे पाणी त्या बांधाला अडून कौलांखाली शिरते आणि भिंतीच्या पोटातून उतरते. लाकूड आतून भिजते, आणि उन्हाळ्यात ती ओल बाहेर पडताना रंगाला ढकलून देते. तीन वर्षांपूर्वीचा रंगारी कामचुकार होता, पण त्याच्या जागी विश्वकर्मा असता तरी रंग टिकला नसता.

पुढच्या आठवड्यात नातीच्या रक्ताचा निकाल आला. दशांश लिटरमागे सहा मायक्रोग्रॅम. तिथल्या आरोग्य खात्याने २०२१ पासून साडेतीनला खूण केली आहे. त्यावर गेले की कारण शोधा म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, पण खिडक्यांचे आजच बघा. मुलगी त्या रात्री जेवली नाही. मी काढलेले ते फोटो फोनमध्ये होते. ते मी पुसले.

दिवाळीला घराच्या पोपड्यांवरच आम्ही आकाशकंदील टांगला. पाहुणे आले, फराळ झाला. भिंतीबद्दल कोणी काही बोलले नाही. त्यातले अर्धेअधिक अशाच घरांत राहतात.

नोव्हेंबरात माळ्याचे काम झाले. पंख्याची नळी छपरातून बाहेर काढली आणि अस्तर म्हणून जुन्या वर्तमानपत्रांचा औषध मारलेला भुगा नळीने फुंकून भरला. छापील मजकुराने घराला ऊब येते हे मी प्रत्यक्ष पाहिले. साप्ताहिकवाल्यांनी दुसरा अर्थ काढू नये.

मेस्त्री आले डिसेंबरात. बाहेरची कामे बंद झाली की तिथल्या रंगाऱ्यांचा हंगाम घराच्या आत शिरतो. माणूस मोकळा असतो आणि भावही जरा नरमतो. नाताळच्या दोन-तीन दिवस आधी सकाळी उणे पंचवीस होते. नाकातले केस गोठल्याचे कळत होते. मेस्त्रींची गाडी आली आणि ते मागे न जाता शेजारच्या आसनावरून रंगाचे डबे उचलू लागले. गाडीत तापकाजवळ, घोंगडीत गुंडाळून त्यांनी ते आणले होते. एकदा गोठलेला रंग पुन्हा पातळ केला तरी नासक्या दुधासारखा फुटतो. ओसरीपासून दारापर्यंतची दहा पावले त्यांनी ते डबे कोटाच्या आत धरून आणले. सौ. मला म्हणाली, "अहो, बाळंतिणीच्या खोलीत तान्हे मूल आणतात तसे आणताहेत."

एकेक खोली त्यांनी जाड प्लॅस्टिकने सील केली. मुलगी आणि नात तेवढे दिवस मैत्रिणीकडे राहायला गेल्या. डॉक्टरीणबाईंचे आणि मेस्त्रींचे या बाबतीत एकमत होते. खरवडणे सगळे पाणी मारून, ओले. कोरडा पॉलिशपेपर लावायचाच नाही. पोपडे पिशवीत, पिशवीचे तोंड बंद, मग बारीक गाळणीच्या यंत्राने धूळ ओढणे, मग पुसणे, मग पुन्हा पुसणे. दिवसभरात दोन खिडक्या झाल्या तर पुष्कळ. आमच्याकडचा रंगारी एवढ्या वेळात चाळीचा मजला उरकतो. पण त्याला कोणी हे शिकवलेलेही नसते, मुखवटाही दिलेला नसतो. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाखांत ९० भागांची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरापासून लागू झाली, त्याआधी भिंतींवर काय काय चढले आहे ते भिंतीलाच ठाऊक.

भट्टीच्या कोरड्या हवेत रंग इतक्या झपाट्याने वाळे की ब्रशची पुढची ओढ मागच्या ओल्या कडेला गाठू शकत नसे आणि पट्टे दिसत. त्यासाठी ते पातेल्यात पाणी तापत ठेवत. उलट खिडकीजवळ काच आतून गोठलेली, तिथे रंग तासन्‌तास चिकट. प्रत्येक खिडकीला वेगळी चाल. फक्त पुढच्या दाराला त्यांनी हात लावला नाही. "दार वाळायला उघडे ठेवावे लागते," ते म्हणाले. बाहेर उणे पंचवीस. मी आग्रह केला नाही.

बिल आले ते मी मनात धरले होते त्याच्या दुप्पट. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी मेस्त्रींनी आपण होऊन रंगाच्या दुकानदाराची पैसे पावल्याची चिठ्ठी दिली. रंगाऱ्याने दुकानदाराचे पैसे बुडवले तर दुकानदार घरावर बोजा चढवू शकतो असा तिथला कायदा आहे, हे मला तेव्हा कळले. पहिल्या दोघांकडे ती मागायचे मला सुचलेही नसते.

त्या हिवाळ्यात बर्फ फार पडला. मी रोज सकाळी कोट चढवून उत्तरेची वळचण पाहून येई. शेजाऱ्यांच्या घरांना बर्फाचे हातभर दात आले होते. आमच्या वळचणीला बोटभर आले. मार्चमध्ये व्हिसाचे सहा महिने भरले आणि आम्ही परतलो. भिंत तशीच, पोपड्यांची.

जूनच्या शेवटी मुलीचा फोन आला. नातीच्या रक्ताचा आकडा दोनच्या खाली आला होता. मेस्त्री भिंतीला सुया टोचून पाहून गेले होते आणि या वेळी हो म्हणाले होते. तिने फोन फिरवून दाखवले. उत्तरेची भिंत पूर्ण झाली होती. पुढचे दार बिजागऱ्यांवरून काढून अंगणात दोन घोड्यांवर आडवे ठेवले होते, त्यावर तांबडा रंग ओला चमकत होता, आणि बिनदाराच्या चौकटीतून आमची नात आत-बाहेर, आत-बाहेर पळत होती.