लाल पॅलिओ

इथे परवा कुणीतरी वडिलांच्या लॅम्ब्रेटाविषयी लिहिलं होतं, ते वाचून मलाही धीर आला.

आम्ही बेळगावचे, टिळकवाडीतले. बँकेतली नोकरी, त्यामुळे माझ्याकडून पांढरी मारुतीच अपेक्षित होती. पण 2002 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी स्टाफ लोन काढून लाल फियाट पॅलिओ घेतली. 1.6 जीटीएक्स, शंभर हॉर्सपॉवरची. दिसायला साधी हॅचबॅक, पण पाय दाबला की कळायचं. ब्रँच मॅनेजर म्हणाले, "अहो, मुलासाठी घेतलीत काय?" मी नुसता हसलो.

पुढे ती तशीच राहिली नाही. उद्यमबागेतल्या एका कारागिराने एक्झॉस्टच्या चार सारख्या लांबीच्या नळ्या वळवून दिल्या. धूर एकमेकांना न अडवता बाहेर पडला की इंजिन मोकळं होतं, हे कॉमर्सच्या माणसाला त्यानेच समजावलं. मग स्प्रिंगा बदलून गाडी थोडी खाली आणली, अलॉय व्हील्स घातली. काढलेला प्रत्येक मूळ भाग मात्र पोत्यात बांधून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवला. पेट्रोल, ऑइल, पट्टे, सगळं वहीत. सौ. म्हणायची, "माझं ब्लडप्रेशर तरी असं लिहून ठेवा की!"

विकायचं कारण आंबोली. 2022 च्या पावसाळ्यात सावंतवाडीहून परतताना घाटात धुकं उतरलं. समोर टेललाइट नसलेली मोटरसायकल होती. सौ.ला ती दिसली, मला नाही. ती "अहो!" म्हणून ओरडली तेव्हा कुठे ब्रेक दाबला. वीतभर अंतर राहिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलेलं, तरी संध्याकाळी दिवे फुटल्यासारखे दिसायचे. हे मी घरी सांगितलं नव्हतं. शिनोळीपर्यंत दोघंही गप्प. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "किल्ली देव्हाऱ्याशेजारी ठेवते."

पंधरा टक्के घसारा एकवीस वर्षं लावला तर शंभराचे तीन-सव्वातीन रुपये उरतात. बाजार मात्र असा हिशेब मानत नाही. पहिला मुलगा आला तो 2 लाख 40 हजार द्यायला तयार होता. बसला, गार इंजिन चालू केलं आणि जागेवरच काटा लाल पट्ट्यापर्यंत नेला. माझ्या पोटात कालवलं. चहा पाजून त्याला वाटेला लावलं. सौ. आतून ऐकत होती. "पन्नास हजाराचा चहा झाला हा," म्हणाली.

दुसरा कोल्हापूरचा, वर्कशॉपवाला, तिशीतला. त्याने आधी बॉनेट उघडलं आणि वही मागितली. मी त्याला एका कागदावर ताळेबंद करून दिला. डावीकडे दोष: 2011 मध्ये फाटकाला घासून मागचा डावा पत्रा रंगवलेला, ऑइल सील पाझरतं, गार असताना दुसरा गिअर अडतो. हेही सांगितलं, की कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये म्हटलंय. तेव्हा मी गाडी मूळ भाग लावूनच देणार. नळ्या आणि स्प्रिंगा पोत्यात मिळतील, पुढचं तू आणि तुझं आरटीओ. तो म्हणाला, "काका, दोष सांगून विकणारे तुम्ही पहिलेच." 1 लाख 90 हजार ठरले. एनईएफटीने. परराज्यात जाणार म्हणून फॉर्म 28 ची एनओसी हातात आली तेव्हाच किल्ली दिली. जुनी खोड.

जाताना पाटी पाहिली. केए-22 ची आता एमएच-09 होणार. आमच्या गल्लीतल्या माणसांना जे जमलं नाही ते गाडीला जमलं, म्हणा.

तासाभराने निपाणीहून त्याचा फोन. "काका, मघाशी निघताना दुसरा गिअर अडला हो."

"सांगितलं होतं की. गार असताना ढकलायचा नाही. तिसऱ्याकडे जरा नेऊन मग मागे आण, आपोआप पडतो."

सौ. दारात उभी होती. "तिथूनसुद्धा तुम्हीच चालवताय काय?" म्हणाली, आणि वही उचलून कपाटात ठेवायला गेली. मी म्हटलं, थांब, आजचं किलोमीटर लिहायचं राहिलंय.