अम्मूच्या बाजूनं

ती. ताई,


‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ वाचून झाल्याचं तू कळवलंस आणि पुढे लिहिलंस, ‘अम्मूनं पोरांचा तरी विचार करायचा.’ ते वाक्य मला फार लागलं.

अम्मूच्या हातात होतं काय, ते आधी बघ. दारुड्या नवऱ्याला सोडून जुळ्या पोरांसह ती अयमेनमला माहेरी आली. लोणच्यांच्या कारखान्यात भावाइतकीच राबते, पण चाको म्हणणार, कारखाना माझा. गोष्ट १९६९ची. त्रावणकोरच्या सिरियन ख्रिश्चनांत तेव्हा १९१६चा वारसा कायदा चालत असे: बाप मृत्युपत्र न करता गेला, तर मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, त्यातलं कमी असेल ते. कादंबरीच्या लेखिका अरुंधती रॉय यांच्या आईनं, मेरी रॉय यांनी, याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि १९८६ मध्ये त्या जिंकल्या. अम्मूला तो निकाल मिळायचा नव्हता.

आणि त्याच घरात अम्मूची आई, मम्माची, मुलाच्या खोलीला बाहेरून वेगळं दार काढून देते, बायका ये-जा करताना घरात दिसू नयेत म्हणून! पुरुषाची गरज म्हणे. मुलीची गरज कळते त्या दिवशी मात्र तिला फसवून खोलीत कोंडतात. तुला राग यायचा तर या दाराचा यायला हवा, ताई.

अम्मूचा प्रियकर वेलुता तर ख्रिस्ती घरातलाच, आजोबांनी धर्म बदललेला, तरी परवन जातीचाच. अस्पृश्यांसाठी चर्चही वेगळं. कारखान्यातली यंत्रं त्याच्यावाचून चालत नाहीत, पण सवर्ण सुताराइतकी मजुरी त्याला नाही. मला सगळ्यात असह्य झाला तो त्याचा बाप. वेल्या पापन पावसात मम्माचीच्या दारी येतो, तिच्या पैशानं बसवलेला काचेचा डोळा परत देऊ करतो आणि पोटच्या पोराला स्वतःच्या हातानं मारतो म्हणतो. माणसाला इतकं मिंधं कोण करतं? पोलिसांची मारहाण पुढे येते, पण माझ्या मते वेलुताचा घात इथेच झाला.

कोंडलेली अम्मू पोरांना वाटेल ते बोलली, हे खरं. पोरं नदीकडे गेली, चाकोची मुलगी सोफी मोल बुडाली. पण पोलिसांना वेलुताबद्दल खोटं सांगितलं अम्मूच्या आत्यानं, बेबी कोचम्मानं, आणि आपली खोटी तक्रार निभावून नेण्यासाठी जुळ्यांतल्या एस्ताकडून ‘हो’ वदवलं तेही तिनंच. सात वर्षांचं पोर! पोरांचा विचार न केल्याचा ठपका तिच्यावर ठेव.

शेवटच्या प्रकरणात प्रेम आलं ते तुला विस्कळीत वाटलं. मला ती लेखिकेची हिंमत वाटते. सगळी प्रेतं दाखवून झाल्यावर ती त्या दोघांना नदीकाठी आणते, आणि तोवर आपल्याला त्यांच्याकडे पाप म्हणून बघणं जमत नाही. तुला जमलं का? खरं लिही.

तुझी,
धाकटी