निन्टेन्डोबद्दल मी कुठे चुकलो

निन्टेन्डोने कन्सोल बनवणं थांबवावं आणि आपले मारिओ-झेल्डासारखे गेम इतरांच्या यंत्रांसाठी विकावेत, असं मी २०१४ च्या एका दिवाळी अंकात लिहिलं होतं. त्यातले आकडे खरे होते. मार्चअखेर कंपनीला ४६ अब्ज येनहून जास्त परिचालन तोटा झाला होता आणि तोट्याचं ते सलग तिसरं वर्ष होतं. वी यू हा कन्सोल वर्षभरात ९० लाख खपेल असा अंदाज होता, तो २८ लाखांवर आणावा लागला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. एवढ्यावरून ही कंपनी संपत आली, असं मी ठरवून टाकलं.

माझा दाखला होता सेगाचा. ड्रीमकास्ट हा कन्सोल फसल्यावर सेगाने २००१ मध्ये यंत्रं बनवणं सोडलं आणि नुसत्या गेमवर ती तगली. पण दोन्ही कंपन्यांचे ताळेबंद मी शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत, आणि ही माझी सर्वांत मोठी चूक. सेगा इतकी अडचणीत होती की अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी मृत्यूपूर्वी तिला दिलेली कर्जं माफ केली, वर आपले सुमारे ७० कोटी डॉलरचे शेअर्स तिला देऊन टाकले. निन्टेन्डोवर कर्ज जवळपास नव्हतंच. वी आणि डीएस या आधीच्या यंत्रांच्या भरभराटीत साठवलेली रोकड तिच्याकडे होती. एक यंत्र पडलं तरी पुढच्यापर्यंत थांबण्याची तिची ऐपत होती. हे सगळं वार्षिक अहवालात छापलेलं होतं. मी नफा-तोट्याच्या पानापुढे गेलोच नाही.

पुढच्या वर्षी वी यू जेमतेम ३४ लाख खपला, तरी जवळपास २५ अब्ज येन परिचालन नफा झाला. येन स्वस्त झाल्याचा हातभार होताच, पण 'मारिओ कार्ट ८' आणि 'स्मॅश ब्रदर्स' जोरात चालले होते. आपल्याच यंत्रावर आपला गेम विकला की दुसऱ्या यंत्रवाल्याला वाटा द्यावा लागत नाही. उलट इतरांच्या प्रत्येक गेममागे आपल्याला वाटा मिळतो. माझं ऐकलं असतं, तर निन्टेन्डोने तोच वाटा सोनी-मायक्रोसॉफ्टला दिला असता.

एवढं कळूनही जुलै २०१६ मध्ये मी पुन्हा फसलो. 'पोकेमॉन गो' या मोबाइल गेममुळे निन्टेन्डोचा शेअर काही दिवसांत दुप्पट झाला आणि आता मोबाइलच खरा, असं मी लिहिलं. पण गेम नायँटिक या दुसऱ्या कंपनीचा होता. निन्टेन्डोच्या पदरात थोडंच पडणार होतं, हे कंपनीनेच जाहीर केलं आणि शेअर एका दिवसात सुमारे १८ टक्के कोसळला.

या चुकांची झळ दुसऱ्यालाच लागली. गेम बनवणाऱ्या पुण्यातल्या एका तरुणाने माझा सल्ला विचारला होता. कन्सोलच्या नादी लागू नकोस, मोबाइलवर फुकट गेम कर, असं मी त्याला सांगितलं. त्याने ते ऐकलं. मार्च २०१७ मध्ये निन्टेन्डोचा स्विच हा नवा कन्सोल आला, छोट्या स्टुडिओंचे गेम त्याच्या ऑनलाइन दुकानात उत्तम खपू लागले, आणि याच्याकडे तिथे विकण्याजोगं काहीच तयार नव्हतं. मी त्याची माफी मागितली आहे.

स्विचची विक्री आता १५ कोटींपुढे गेली आहे. तरीही एखाद्या कन्सोल कंपनीत पैसे किंवा उमेदीची वर्षं घालणार असाल, तर खपाच्या आकड्याआधी तिची रोकड आणि तिचं कर्ज पाहा.