आमच्याच नोंदी, आम्हालाच कोटेशन

आपल्याच ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी परत मिळवायला पैसे मोजावे लागतील, असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. पण तसं कोटेशन माझ्या टेबलावर आलं. तो राग अजून गेलेला नाही.

मी वसईतल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमचं जुनं सॉफ्टवेअर एका खासगी कंपनीचं. आम्हाला 'कोहा'वर जायचं होतं. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी घडवलेली ही प्रणाली 2000 सालापासून वापरात आहे आणि तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत. शिवाय संगणक विभागाच्या मुलांना, हवं ते पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय, हे वाचकाला मोबाइलवर दाखवायचं होतं. त्यासाठी एपीआय लागतो, म्हणजे एका प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्याची अधिकृत वाट. कंपनीने कळवलं, "तशी सोय नाही." मग म्हटलं, निदान नोंदी तरी द्या.

एका ग्रंथालयाची नोंद दुसरीकडे जशीच्या तशी जावी, हा प्रश्न जगाने कधीच सोडवलाय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम यांनी 1960 च्या दशकात 'मार्क' हा नमुना उभा केला. आजच्या मार्क21 मध्ये शीर्षक 245 या क्षेत्रात, मुख्य लेखक 100 मध्ये. कुठेही जा, तेच. आमच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकावरही 'मार्क21' छापलेलं होतं. प्रत्यक्षात त्या रूपात नोंदी बाहेर काढायचं मॉड्यूल वेगळं आणि त्याची किंमतही वेगळी. फुकट मिळाली ती एक्सेल फाइल: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, किंमत. वर्गांक नाही, विषय नाही, कोणतं पुस्तक कोणाकडे आहे तेही नाही. वर्षानुवर्षं आमच्याच माणसांनी बसून भरलेल्या नोंदी होत्या या!

त्या फाइलीत इंग्रजी पुस्तकं ठीक होती. मराठी शीर्षकांच्या जागी मात्र टिंबं-रेघांची रोमन अक्षरं. सगळं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेलं. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. रूपांतर करणारा प्रोग्राम चालवला तेव्हा विरारचं 'वरिार' झालं आणि 'सुवार्ता'च्या बांधीव अंकांवर 'सुवातार्' आलं. वसईच्या घराघरांत वाचलं गेलेलं हे मासिक, आणि आमच्याच संगणकात ते नावाने शोधून सापडेना. दाखल नोंदवही शेजारी उघडी ठेवून आम्ही एकेक शीर्षक दुरुस्त केलं. सुट्टीतही महाविद्यालयातल्या मुली येऊन बसल्या. हे काम कोणत्याही कोटेशनमध्ये धरलेलं नसतं.

आता कोहा चालू आहे, एपीआय आहे, मुलांचं काम झालं. तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या कंपनीचा सपोर्टवाला मुलगा भर पावसात, लोकल रखडलेल्या असताना, आमच्यासाठी वसई रोडला उतरायचा आणि देवघेव सुरू करून देऊनच जायचा. आज सर्व्हर बंद पडला तर फोन कोणाला करायचा, हे मला ठाऊक नसतं. एपीआय लिहिणारी मुलं पदवी घेऊन गेली. त्यांचा कोड नीट समजणारं कोणी मागे उरलं नाही. कधी कधी वाटतं, पैसे भरून निर्धास्त राहणं बरं होतं. पण तो फोनसुद्धा कंपनीच्या मर्जीवर होता, हेही आठवतं.

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या ज्या अहवालासाठी आम्ही माहिती भरली, त्यात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, स्वयंचलन पूर्ण की अंशतः आणि कोणत्या वर्षी, एवढं विचारलं होतं. नोंदी बाहेर निघतात का, हे विचारलं नव्हतं. खरेदी समितीतही ते कोणी विचारत नाही.

म्हणून ग्रंथपाल मित्रांनो, सॉफ्टवेअर घेताना खरेदी आदेशातच लिहून घ्या: पुस्तकांच्या सर्व नोंदी मार्कमध्ये, मराठी मजकूर युनिकोडमध्ये, वाचक आणि देवघेवीचा तपशील वाचता येईल अशा फाइलीत, मागू तेव्हा आणि विनामूल्य. एपीआयची कागदपत्रंही सोबत. सही करण्याआधी कंपनीच्याच संगणकावर शंभर मराठी नोंदी बाहेर काढून दाखवायला सांगा. जी कंपनी तेवढं दाखवत नाही, तिच्याकडून घेऊ नका.